गच्चीवर सोलर: नगरपालिकेला काय विचारायचं, महावितरणला काय

घरावर सोलर बसवायचं ठरलं की पहिला प्रश्न पैशांचा येतो आणि दुसरा परवानगीचा. पैशांचं उत्तर आता बहुतेकांना तोंडपाठ आहे. परवानगीच्या बाबतीत मात्र दोन टोकं दिसतात. काही जण नगरपालिकेच्या ‘एनओसी’साठी मध्यस्थाला पैसे मोजतात, जिची साध्या घरगुती सोलरला गरजच नसते. काही जण उलट समजतात की सोलर सरकारी योजनेतलं आहे, मग त्याच्या नावाखाली गच्चीवर काहीही उभारलं तरी चालतं. दोन्ही समज महागात पडतात.

गोंधळ होतो कारण एका छोट्या यंत्रणेशी तीन वेगवेगळ्या सत्तांचा संबंध येतो. पॅनेल ज्या लोखंडी सांगाड्यावर बसतं, तो सांगाडा आणि ती इमारत हा स्थानिक स्वराज्य संस्थेचा विषय. पॅनेलमधून निघालेली वीज मीटरला जिथे जोडली जाते, ती जोडणी महावितरणचा विषय आणि तिच्यावर राज्य वीज नियामक आयोगाचे नियम. अनुदान केंद्र सरकारचं, पीएम सूर्यघर योजनेतलं. एकाने हो म्हटलं म्हणजे दुसऱ्यानेही हो म्हटलं असं होत नाही. नेट मीटर (महावितरणकडून घेतलेली आणि त्यांना दिलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) बसलं म्हणून वरचं शेड अधिकृत ठरत नाही, आणि नगरपालिकेने नकाशा मंजूर केला म्हणून महावितरण नेट मीटर देईलच असंही नाही.

तुमच्या घरावर हुकूम कोणाचा?

मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि २०२३ पासून जालना इथे महानगरपालिका आहेत. बीड, धाराशिव, हिंगोली आणि बहुतेक तालुक्यांच्या गावी नगरपरिषद किंवा नगरपंचायत. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यासारख्या औद्योगिक क्षेत्रांत बांधकामाची परवानगी एमआयडीसी स्वतः देते. खेड्यात गावठाणाच्या आत ग्रामपंचायतीकडे जायचं, गावठाणाबाहेर जिल्हाधिकारी आणि नगररचना कार्यालयाकडे.

कार्यालयं वेगवेगळी असली तरी शहरांपुरतं नियमांचं पुस्तक आता बहुतांशी एकच आहे. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. इंजिनिअर आणि बिल्डर तिला ‘युडीसीपीआर’ म्हणतात. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडली तर ती राज्यभर चालते. त्यामुळे बीडला एक नियम आणि लातूरला दुसरा, असं आता फारसं राहिलेलं नाही. कोणी ‘आमच्या नगरपरिषदेचा वेगळा नियम आहे’ म्हणालं तर तो नियम लेखी मागा. तो तुमचा हक्क आहे.

या नियमावलीत कोणत्या कामांना परवानगी लागत नाही याची यादी आहे आणि तिच्यात सोलर पॅनेल आहे. अट अशी की पॅनेलचा तळ गच्चीपासून १.८ मीटरपेक्षा उंच नसावा आणि सांगाडा मजबूत असल्याची खात्री परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरने केलेली असावी. सोलरविषयीच्या स्थानिक नियमांतलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच आहे. सामान्य घरावरची तीन किलोवॅटची यंत्रणा, गच्चीला लागून थोडी उतरती बसवलेली, सरळ या वाक्याखाली येते. तिच्यासाठी नकाशा, चलान किंवा एनओसी लागत नाही.

सहा फुटांच्या वर गेलं की

१.८ मीटर म्हणजे जेमतेम सहा फूट, आणि खरी अडचण इथेच आहे. आपल्याकडे गच्ची रिकामी नसते. उन्हाळ्यात तिथे कुरडया-पापड वाळतात, डाळी-तिखटाला ऊन दाखवलं जातं, एप्रिल-मे मध्ये रात्री अख्खं घर वर झोपायला येतं. पॅनेल खाली बसवलं तर गच्ची गेली. म्हणून लोक आठ-दहा फुटांचा सांगाडा मागतात आणि सोलरवाले तो आनंदाने देतात. खाली सावली, वर वीज. मागणीत गैर काही नाही, पण उंची वाढली की परवानगीतून मिळालेली सूट संपते. आता ते बांधकाम ठरू शकतं, आणि त्यासाठी परवानाधारक इंजिनिअरमार्फत नगरपालिकेच्या बांधकाम विभागाकडे जावं लागतं.

पुढचा टप्पा जास्त घातक असतो. सांगाडा उभा राहतो, एका पावसात पाणी गळतं, म्हणून पॅनेलखाली पत्रा येतो. मग वाऱ्याचा त्रास होतो, म्हणून दोन बाजूंनी पत्रे लागतात. वर्षभरात तिथे एक खोली तयार झालेली असते आणि भाडेकरूही आलेला असतो. कायद्याच्या नजरेत तो आता मजला आहे. त्याचं क्षेत्रफळ एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधकाम करता येतं त्या मर्यादेत, मोजलं जातं आणि मंजुरी नसेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली ते पाडण्याची नोटीस येऊ शकते. ‘पण आम्ही त्याचा घरपट्टीत कर भरतो’ हे उत्तर कामाला येत नाही. कर आकारला म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही, हे बहुतेक कराच्या बिलावरच छापलेलं असतं. नोटीस आली की पत्र्यांबरोबर पॅनेलही उतरवावं लागतं, आणि त्या पॅनेलवर अनुदान घेतलेलं असतं, बँकेचे हप्ते चालू असतात.

उंच सांगाडा हवा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: आधी परवानगी, मग लोखंड, आणि चारही बाजू उघड्याच ठेवा.

इंजिनिअरच्या दाखल्याकडेही नुसता कागद म्हणून पाहू नका. सध्याचं ५००-५५० वॅटचं एक पॅनेल साधारण २७-२८ किलोचं असतं. चौरस मीटरमागे वजन फार नाही, चांगली आरसीसी स्लॅब ते सहज पेलते. खरा धोका वाऱ्याचा. इमारतींवर वाऱ्याचा दाब किती धरायचा हे सांगणाऱ्या भारतीय मानकात छत्रपती संभाजीनगरसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलेला आहे, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. वळवाच्या पावसाआधी जे वादळी वारं सुटतं ते पॅनेलला खाली दाबत नाही, खालून शिरून वर उचलतं. सांगाडा जितका उंच तितका हा जोर जास्त. चार पायांना चार खिळे मारून दहा फुटांवर पॅनेल बसवणं म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणावर संकट टांगून ठेवणं आहे.

खेड्यातल्या जुन्या घरांबद्दल वेगळं सांगायला हवं. लातूर, धाराशिव, बीडकडे अजून माळवदाची घरं आहेत: लाकडी सरे, त्यावर मातीचा जाड थर. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात जड छतांनी आणि दगड-मातीच्या भिंतींनी किती माणसं घेतली हे इथे कोणाला सांगायला नको. अशा छतावर आणखी वजन चढवू नये आणि त्यात अँकरही मारू नयेत. सिमेंटच्या पत्र्यावरही पॅनेल थेट बसवत नाहीत, तो तडकतो. लोखंडी पत्रा असेल तर आधार पत्र्याला न देता खालच्या कैच्यांना द्यावा लागतो. यातलं काहीही घरमालकाने डोळ्यांनी ठरवायचं नाही, इंजिनिअरला घरी बोलवावं.

नवीन घर बांधत असाल तर

इथे नियम परवानगीवर न थांबता सक्ती करतो. युडीसीपीआरनुसार ४,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरच्या इमारतींना सौर वॉटर हीटर किंवा गच्चीवरची सौरवीज यंत्रणा बसवणं बंधनकारक आहे. ४,००० चौरस मीटर म्हणजे जवळपास एक एकर. म्हणजे हा नियम मोठ्या गृहप्रकल्पांना लागतो, तुमच्या-माझ्या प्लॉटला नाही. त्यातच असंही म्हटलं आहे की गच्ची उन्हाची आणि मोकळी असावी, छताच्या डिझाइनमध्ये सोलरसाठी चौरस मीटरमागे किमान ५० किलो भार धरावा, पॅनेलचं तोंड दक्षिणेला असावं आणि कल त्या गावाच्या अक्षांशाइतका ठेवावा. आपल्या भागात तो १८ ते २० अंशांच्या आसपास येतो.

सक्ती नसली तरी छोट्या घरानेही हे आकडे उचलावेत. घर बांधताना गच्चीपासून मीटरपर्यंत एक रिकामा पाइप टाकून ठेवायला नाममात्र खर्च येतो. पाण्याची टाकी आणि जिन्याची टोपी उत्तरेच्या बाजूला घेतली तर दक्षिणेकडचं ऊन मोकळं राहतं. हे इंजिनिअरला नकाशा काढतानाच सांगायला हवं.

फ्लॅट घेणाऱ्यांनी एक पाहावं. मोठ्या प्रकल्पात भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत गच्चीवर सोलर असतं, नंतर ते बंद पडलेलं सापडतं. सोसायटीने ताबा घेतानाच यंत्रणेची क्षमता, वॉरंटीचे कागद आणि नेट मीटरचा ग्राहक क्रमांक लिहून घ्यावा. गच्ची सगळ्यांची असते, वरच्या मजल्यावरच्याची नसते, त्यामुळे एखाद्या सभासदाला स्वतःचं पॅनेल लावायचं असेल तर सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. लिफ्ट, पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे यांसाठी सोसायटीनेच सोलर घेतलं तर केंद्राकडून किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. मला हाच मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात गच्चीच्या वाटण्या होत नाहीत.

मकबऱ्याजवळ, झाडाखाली, शेजाऱ्याच्या सावलीत

केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांभोवती १०० मीटरचा प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटरचा नियंत्रित पट्टा असतो. बीबी का मकबऱ्याच्या परिसरात किंवा देवगिरी किल्ल्याच्या पायथ्याला राहणाऱ्यांनी उंच सांगाडा उभारण्याआधी महापालिका किंवा ग्रामपंचायतीबरोबर पुरातत्त्व खात्याकडेही चौकशी करावी. नगरपालिकेच्या हद्दीत झाड तोडायचं तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. पॅनेलवर सावली पडते म्हणून दारचा कडुनिंब परस्पर तोडता येत नाही. आणि शेजाऱ्याने उद्या रीतसर परवानगी काढून दोन मजले चढवले, तुमच्या पॅनेलवर सावली आली, तर नगरपालिका त्यात काही करणार नाही. शेजारचा प्लॉट रिकामा असेल तर तिथे किती मजले होऊ शकतात याचा अंदाज घेऊनच पॅनेलची जागा ठरवा.

महावितरणची बाजू

इथे नियम अलीकडे बरेच सोपे झालेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. १० किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेचा अर्ज तांत्रिक तपासणीविना मंजूर धरला जातो. मंजूर भार, म्हणजे तुमच्या वीजजोडणीला ठरवून दिलेले किलोवॅट, कमी असेल तर तो वाढवून देणं महावितरणचं काम. जुन्या घरांचा मंजूर भार अर्धा-एक किलोवॅटच असतो आणि पूर्वी तिथेच गाडी अडायची. १० किलोवॅटच्या वर मात्र महावितरण तुमच्या डीपीची (ट्रान्सफॉर्मरची) क्षमता पाहतं.

प्रत्यक्षात अर्ज अडतो तो नावाच्या घोळात. वीजबिल आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, घर तिघा भावांचं आणि अर्ज करणारा नातू. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान वीजग्राहकाच्या बँक खात्यात जमा होतं. बिलावरचं नाव, आधारवरचं नाव आणि खात्यावरचं नाव एक नसेल तर पैसे अडकतात. म्हणून सोलरवाल्याला फोन करण्याआधी बिलावरचं नाव बदलून घ्या. त्यासाठी घराच्या मालकीचा पुरावा लागतो, आणि तो मिळतो स्थानिक संस्थेकडेच: गावात नमुना ८ (ग्रामपंचायतीतली घराची नोंद), शहरात मालमत्ता कराची पावती किंवा पीआर कार्ड (मालमत्ता पत्रक). वारसांची नोंद तिथे झालेली नसेल तर सुरुवात तिथूनच. साध्या घराच्या सोलरसाठी ग्रामपंचायतीचं किंवा नगरपालिकेचं मुख्य काम हेच पडतं. याच कामाला लोक सगळ्यात उशिरा हात घालतात.

अनुदानाचं गणित थोडक्यात: पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये, एकूण कमाल ७८,००० रुपये. पुढे किलोवॅट कितीही वाढवा, रक्कम तीच. अनुदान हवं असेल तर पॅनेल ‘डीसीआर’ म्हणजे भारतात बनलेल्या सेलचंच लागतं. कोटेशन संशयास्पद स्वस्त असेल तर आधी हेच विचारा. विक्रेता सूर्यघर योजनेच्या पोर्टलवर नोंदणीकृत असला पाहिजे आणि पाच वर्षांची देखभाल त्याने करारात लिहून द्यायला हवी.

किती किलोवॅट घ्यायचं? एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. बारा महिन्यांची बिलं समोर ठेवून बेरीज करा, एका मे महिन्याच्या बिलावरून ठरवू नका. इथे नेट मीटरच्या हिशेबातली एक गोष्ट मराठवाड्याला विशेष लागू पडते. ग्रीडला, म्हणजे महावितरणच्या वीजजाळ्याला, दिलेले जादा युनिट तुमच्या खात्यात जमा राहतात आणि पुढच्या महिन्यांत वापरता येतात, पण हा हिशेब आर्थिक वर्षाच्या शेवटी, ३१ मार्चला, मिटतो. उरलेल्या युनिटांचे ठरलेल्या दराने पैसे मिळतात, तो दर तुम्ही वीज घेता त्यापेक्षा बराच कमी असतो. आपल्याकडे हिवाळ्यात पंखेही बंद असतात, फेब्रुवारी-मार्चचं ऊन उत्तम असतं, त्यामुळे शिल्लक तेव्हाच वाढते. आणि एप्रिलमध्ये कूलर सुरू होतो तेव्हा खातं कोरं झालेलं असतं. गरजेपेक्षा मोठी यंत्रणा म्हणूनच परवडत नाही.

मे महिन्यात उत्पादन शिखरावर असेल हा समजही चुकीचा आहे. पॅनेलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की प्रत्येक अंशामागे पॅनेलची ताकद साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते. बाहेर ४२ अंश असताना पॅनेल साठच्याही पुढे तापलेलं असतं. त्यात आपल्याकडची धूळ. आठवड्याला एकदा सकाळी लवकर, पॅनेल थंड असताना, पुसून घ्यायला थोडं पाणी पुरतं, टँकरवर जगणाऱ्या गावातही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. लाईट गेली की साधं ग्रीडवरचं सोलरही बंद पडतं, भर दुपारी सुद्धा. हा बिघाड नसतो, खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला तुमच्या पॅनेलचा शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम थांबतो. लोडशेडिंगमध्ये वीज हवी असेल तर बॅटरीसह हायब्रिड यंत्रणा लागते. तिचा खर्च वेगळा आणि तिच्या बॅटरीला हे अनुदान नाही.

शेत आणि गाव

शेतातल्या सौर पंपाला ग्रामपंचायतीची परवानगी लागत नाही. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात एचपीचा पंप मिळतो. इथे अर्ज अडतो तो सातबाऱ्यावर विहिरीची किंवा बोअरची नोंद नसल्याने, आणि ती नोंद तलाठ्याकडे होते.

ग्रामपंचायतीला खरी संधी दुसरीकडे आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये गावाजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभा राहतो आणि तिथल्या फीडरवरच्या (वीजवाहिनीवरच्या) शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळते. या योजनेतला राज्यातला पहिला प्रकल्प मराठवाड्यातच झाला, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात, तीन मेगावॅटचा, २०२४ मध्ये. खासगी जमीन दिली तर वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडं मिळतं आणि ते दरवर्षी तीन टक्क्यांनी वाढतं. प्रकल्प असलेल्या ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी पाच लाख रुपये मिळतात. गायरानाची जमीन देण्याचा विषय निघाला तर तो ग्रामसभेत मोकळेपणाने व्हावा असं मला मनापासून वाटतं. गायरानावर गावातली गुरं चरतात, भूमिहीनांचा तिथे वावर असतो, आणि त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय झालेला ठराव पुढे भांडणात अडकतो. पाच लाखांचं काय करायचं हेही त्याच सभेत ठरवून इतिवृत्तात लिहून घ्यावं.

काम अडलं तर

अडलेल्या कामाची तक्रार ज्याचा विषय त्याच्याकडेच करायची. यंत्रणा बसवून पूर्ण झाली आणि कागद दिले की नियमानुसार महावितरणने १५ दिवसांत ती सुरू करून द्यायला हवी. झालं नाही तर आधी उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज, त्याची पोच घ्या, मग ग्राहक तक्रार निवारण मंच आणि शेवटी विद्युत लोकपाल. मंचापुढे वकील लागत नाही. बांधकाम परवानगी रखडली तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ठरलेली मुदत मोजा आणि त्याच कार्यालयातल्या प्रथम अपील अधिकाऱ्याकडे अपील करा. विक्रेत्याने काम अर्धवट सोडलं तर पोर्टलवर तक्रार नोंदवून त्याचा क्रमांक जपून ठेवा, आणि शेवटचा हप्ता नेट मीटर फिरू लागल्यावरच द्या.